सरकारदप्तरी साक्षर

माझ्या लहानपणी आमच्या गावात पत्र ही एकट्यानं वाचायची गोष्ट नव्हतीच. माण तालुक्यातलं गाव, दहिवडीपासून बरंच आडबाजूला. पाऊस चुकूनमाकून यायचा, त्यामुळे घरटी एक माणूस मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी मशीद बंदरला पाठीवर पोती वाहायला. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा, पाराच्या कट्ट्यावर बैठक मारायचा आणि मनिऑर्डरचे पैसे मोजण्याआधी कुपनावरचा मजकूर खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा. कुणाच्या नवऱ्याचा खोकला हटत नाही, कुणाची खानावळ थकली आहे, हे आधी गावाला कळायचं आणि मग त्या बाईला. पुढे शाईचा पॅड सरकायचा. अंगठा उमटवला की बायका बोटाची शाई पाराच्या भिंतीला पुसायच्या. त्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला जांभळ्या फरकाट्यांचा एक पट्टाच तयार झाला होता. दर दिवाळीला चुना लागायचा आणि संक्रांतीपर्यंत पट्टा पुन्हा हजर.

उत्तर लिहायचं तर आणखी पंचाईत. लिहिणारा म्हणजे भावकीतला कुणी थोरला, नाहीतर शाळेत जाणारं पोर. सासू ओसरीवर बसून मजकूर सांगणार, सून आत चुलीपाशी. "समदी खुशाल हाईत म्हणून ल्ही. म्हस येली म्हणून ल्ही. पैसं लवकर धाड म्हणून ल्ही." संपलं पत्र. नवऱ्याला पत्र जायचं, पण त्यात बायकोचा एक शब्द नसायचा.

मी पाचवीत गेले तेव्हा माझं अक्षर बरं होतं, आणि मुख्य म्हणजे मी मुलगी होते. आळीतल्या सुना मला विहिरीवर गाठू लागल्या. खाऊचे पैसे साठवून आणलेलं अंतर्देशीय पदराआडून निघायचं (कार्ड नको, कार्ड कुणीही वाचतं, एवढं त्यांना बरोबर कळत होतं) आणि कडब्याच्या गंजीमागे बसून मी लिहायची. काय असायचं त्यात? फार काही नाही. पोरगी आठ दिवस तापानं फणफणली होती, पण घरच्यांनी कळवू दिलं नाही. लुगडं दंड घालायच्याही पलीकडे गेलंय. एकीनं पानभर मजकूर सांगितला, मी मान मोडून लिहिला. मग म्हणाली, "ह्ये समदं खोड. निस्तं 'या' म्हणून ल्ही." शाईनं भरलेलं ते पान तसंच गेलं. मुंबईत ते त्याला कुणी वाचून दाखवलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

अंगठ्याचं प्रकरण आमच्या घराण्यात तसं जुनंच. आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे की त्यांच्या आजानं बियाण्यासाठी सावकाराकडून पैसे काढले. कागद मोडीत. वाचणारा सावकार, लिहिणारा त्याचाच कारकून, आमच्या माणसानं फक्त अंगठा दिला. रक्कम ऐंशी होती की आठशे, हे आबांच्या तोंडून दर खेपेला वेगळं यायचं. ओढ्याकाठची पट्टी गेली, एवढं मात्र कधी बदललं नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकारापेक्षा त्याच्या कागदांवर जास्त होता. खतं, रोखे, वह्या ओढून काढल्या आणि पेटवल्या. "आपलं बी कुणी तरी गेल्तं सुप्याला," असं आबा ठासून सांगत. आमच्या गावापासून सुपं केवढं लांब! मला हे कधीच पटलं नाही, पण पेटवायची इच्छा आमच्या घरात नक्की असणार. पुढे १८७९ मध्ये कायदा झाला आणि कर्जाचा कागद सरकारी निबंधकासमोर करणं आलं. आणखी तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी साध्या हिशेबाची गोष्ट मांडली: सारा भरते रयत, आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गातली मुलं.

आता आजीकडे वळते. आजी आणि तिचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा, यांच्यात जेमतेम दोन वर्षांचं अंतर. १९२७ च्या आगेमागे कुणीतरी नात्यातल्यानं मामाआजोबांना साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. खेड्यापाड्यांतून पोरं गोळा करायची, सगळ्या जातींची एका पंक्तीला बसवायची, स्वयंपाक, पाणी, शेतकाम त्यांनीच करायचं आणि शिकायचं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने तर मोडलेच, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. त्या दिवशी गांधीजींच्या हातावर पाणी मीच घातलं, असं मामाआजोबा सांगायचे. त्या बोर्डिंगातल्या आणखी किती जणांनी आपापल्या घरी हेच सांगितलं असेल देव जाणे! पण बोर्डिंगाची एक खूण त्यांच्याजवळ शेवटपर्यंत होती. आमच्या सगळ्या भावकीत भाकरी थापता येणारा पुरुष हा एकच. बाजरीची, काठ न चिरलेली, तव्यावर टम्म फुगणारी. हुलग्याच्या माडग्याबरोबर त्यांनी केलेली भाकरी मी खाल्ली आहे. आजीच्या भाकरीपेक्षा ती पातळ असायची, आणि हे आजीसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

भाऊ गेला त्या दिवसाचं आजी फार सांगत नसे. एवढंच म्हणायची, "त्येला पाटी मिळाली, मला त्येच्या शेळ्या." आधी शेळ्या तोच राखायचा ना!

कधी कधी वाटतं, हिचा जन्म बडोद्याला झाला असता तर? तिथं सयाजीरावांनी १९०६ पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, आणि मुलींनाही त्यातून सूट नव्हती. हा राजा स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा. दत्तक जाईपर्यंत, म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत, त्याची अक्षरांशी ओळख नव्हती. आमच्याकडे इंग्रजांचा अंमल. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि पुढल्या वर्षी ते फेटाळलं गेलं. आजी बहुधा त्याच सुमाराला जन्मली. तिच्या जन्माची नोंद कुठंच नाही, पण 'मोठ्या तापसरीच्या साली चालती-बोलती होती' यावरून आम्ही हिशेब लावायचो. मोठी तापसरी म्हणजे १९१८ ची साथ.

आजीला पाटी मिळाली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली आणि १९६१ मध्ये ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. चौदा ते पन्नास वयाच्या सगळ्या निरक्षरांना तीन-चार महिन्यांत लिहाय-वाचायला शिकवायचं, शिकवणार शाळेतले गुरुजी आणि गावातली शिकली-सवरलेली माणसं, सगळं फुकट. आमच्याकडे मोहीम आली तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते; ते आमच्याच मुलखातले, देवराष्ट्र्याचे, त्यांची आईही निरक्षर, याचं आबांना फार अप्रूप. आजीचं वय काय लिहायचं यावर गुरुजी अडले. आबा म्हणाले, "ल्ह्या की अठ्ठेचाळीस. कोण मोजाय येतंय?"

गावानं भैरोबापुढे नारळ फोडून शपथ घेतली, कुणी अंगठेबहाद्दर राहायचा नाही. पुरुषांचा वर्ग चावडीत, बायकांचा देवळाच्या मंडपात. दिवसभराचं रान आणि रात्रीची भांडी उरकून बायका यायच्या. मांडीवर पोर, पदरात शेंगा. मधोमध दोन कंदील, त्यातल्या एकाची काच तडकलेली, तिला कागदाची पट्टी चिकटवलेली. रॉकेलच्या वासानं डोकं उठायचं. मी आजीला सोबत म्हणून जायची आणि तिथंच लवंडायची. आजी पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरायची आणि पाटीवर अशी दाबायची की तुकडा पडायचाच. गुरुजी म्हणायचे, "आजी, तण काढायचं नाही, ग काढायचाय." 'ग' यायचा नाही ते नाहीच, त्याचा काना धरला तर पोट सुटायचं, पोट धरलं तर काना.

पण खरी मौज सहीच्या दिवशी झाली. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, अशी पुरी सही गुरुजींनी ज्याच्या त्याच्या पाटीवर घालून दिली. बायकांनी गिरवली. मग म्हणाले, वाचा. आता नवऱ्याचं नाव कोण घेणार? पहिलीनं स्वतःचं नाव वाचलं, मधलं गिळलं आणि आडनावावर उडी मारली. दुसरीचं तेच. गुरुजी बिचारे नवे, कोकणातले. त्यांना वाटलं मधली अक्षरं येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा बोट ठेवून विचारू लागले आणि मंडपात खसखस पिकली. आजीची पाळी आली तेव्हा ती ठणकावून म्हणाली, "गुरुजी, मधलं मला येतंय. पर त्ये मी ल्हीन, म्हननार न्हाई." शेवटी मधला शब्द सगळ्यांच्या वतीनं मी वाचायचा असं ठरलं. दहा-अकरा वर्षांची मी, गावातल्या तमाम बाप्यांची नावं ओळीनं वाचत होते.

ग्रामगौरव समारंभ दणक्यात झाला. लेझीम, तोरणं, साताऱ्याहून आलेले साहेब. गाव शंभर टक्के साक्षर झाल्याचं जाहीर झालं. आजीनं फळ्यावर सही केली. वेळ लागला, पण 'ग' आला. दुसऱ्या दिवशी घरी पुरण घातलं होतं, आणि गुळवणी दोनदा वाढल्याचं मला आठवतं. की ते गौरीचं जेवण होतं? माझ्या आठवणीत ती दोन्ही एकाच पत्रावळीवर आहेत.

आणि मग? मग काहीच नाही. गुरुजींची बदली झाली. हातात एक पातळ पुस्तिका होती, ती दोन-तीनदा वाचून झाली. गावात वाचनालय नाही, वर्तमानपत्र येत नाही. घरात छापलेलं म्हणाल तर एक पंचांग आणि एक 'हरिविजय'. आजी काही दिवस वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सपाट करायची आणि त्यावरचं एखादं अक्षर लागतं का बघायची. शेंगदाण्याचं तेल लागलेला कागद उजेडात धरला की मागचीही अक्षरं दिसतात, त्यानं तिचा गोंधळ व्हायचा. पोथी मात्र ती सुरेख 'वाचायची'. ओवीवर बोट फिरतंय, आवाज लागलाय. मी एकदा नीट पाहिलं: बोट अजून दुसऱ्या चरणावर आणि तोंडातली ओवी संपून पुढली सुरू झालेली. सगळं पाठ होतं तिला, कुणाच्या तरी तोंडून ऐकून. आणि घरात कंदील एकच. संध्याकाळी तो माझ्या अभ्यासाला लागायचा, कारण मला पुढं शिकायचं होतं. रयतचं हायस्कूल तोवर जवळच्या गावात निघालं होतं, आणि वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांची फी माफ होत होती. फीमाफीचा, ई.बी.सी.चा तो फॉर्म आमच्या पिढीतला कोण विसरेल!

बाहत्तरचा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, जनावरं विकली, सगळं गाव खडी फोडायला. आजी साठीची, तरी गेली. सुकडी मिळायची तीही अर्धी नातवंडांसाठी पदरात बांधून आणायची. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते. सुट्टीला घरी आले आणि पगाराच्या दिवशी तिच्याबरोबर कामावर गेले. उन्हात लांबलचक रांग. आजीचा नंबर आला, तिनं पेन मागितलं. मुकादम म्हणाला, "म्हातारे, अंगठा दे अंगठा, मागं दोनशे माणूस हाय." तिनं दिला. परत येताना मी फणकारले, सही का नाही केलीस? म्हणाली, "आता कुटं येतीय मला. 'ग' पत्तूर येती. फुडलं गेलं."

सरकारदप्तरी मात्र ती साक्षरच. एकदा गेलेला आकडा तिथून मागं येत नाही.

मोहिमेला मी नावं ठेवत नाही, ठेवणारही नाही. १९६१ च्या शिरगणतीत देशातल्या शंभर बायकांत जेमतेम पंधरा साक्षर निघाल्या. अशा वेळी अख्ख्या गावानं देवळात बसून पाटी धरायची, हे लहानसहान काम नव्हतं. नवल म्हणजे त्याच १९६१ सालात जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्यूबात, असाच मेळा भरला होता. तिथं शाळकरी मुलं डोंगरात, उसाच्या वस्त्यांवर शिकवायला गेली, प्रत्येकाच्या हाती कंदील; एका वर्षात सात लाखांवर माणसं शिकली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकानं फिडेल कॅस्ट्रोला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं. ती पत्रं हवानात अजून जपून ठेवली आहेत. हे वाचल्यावर मला आमच्या गंजीमागच्या सुना आठवल्या. त्यांना कुणी परीक्षा म्हणून मुंबईला पत्र लिहायला सांगितलं असतं, तर 'ग' काय, 'ज्ञ' सुद्धा आला असता. क्यूबानं आणखी एक गोष्ट केली: मोहीम संपल्यावर वर्ग बंद केले नाहीत. मोठ्या माणसांना सहावीपर्यंत नेण्याचा पुढला हट्ट धरला. आमच्याकडे तोरणं उतरवली आणि कंदील ज्याचा त्याला परत दिला.

आज युनेस्कोच्या हिशेबानं जगात ७५ कोटींच्या आसपास मोठी माणसं निरक्षर आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश बायका. निरक्षरांची टक्केवारी उतरली, पण त्यातला बायकांचा वाटा कैक वर्षं तिथंच अडून बसलाय. शेळ्या कुणी राखायच्या, हे सगळ्या मुलखांत सारखंच ठरतं म्हणायचं. आणि दप्तरी साक्षरांचं काय, तेही मी नोकरीभर पाहिलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या हलायच्या. पटावरची नावं पटावर राहायची आणि पोरं आईबापांबरोबर कोल्हापूर-सांगलीच्या फडात. उन्हाळ्यात परत आली की अक्षरं उडालेली. २००९ च्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला, नावनोंदणी जवळपास पुरी झाली. तरी 'असर' या पाहणीची माणसं खेड्यांत जाऊन पाचवीच्या मुलांपुढे दुसरीचा धडा ठेवतात तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलांना तो वाचता येत नाही.

धाकट्या आत्याचं मात्र वेगळं झालं. ती चौथीच शिकलेली. पाठच्या भावंडाला सांभाळायला तिला शाळेतून काढली. हुशारीत ती आजीपेक्षा काही फार वेगळी नव्हती. पण नवरा एस.टी.त कंडक्टर, घरी येताना प्रवासी सीटवर टाकून गेलेली वर्तमानपत्रं गोळा करून आणायचा. सकाळचा पेपर आत्याच्या हाती रात्री पडायचा, कधी दुसऱ्या दिवशी, तो ती जाहिरातींसकट वाचायची. आज पंच्याऐंशी ओलांडली तरी 'ऐक्य' पेपर हातात घेतल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही.

मागं तिच्याबरोबर रेशनला गेले होते. पॉस मशीन पुढं आलं. आत्यानं पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. दुकानदार म्हणाला, "आजी, सही न्हाई चालत. अंगठा लागतो." तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. मग दिला अंगठा. मशीन घेईना. आयुष्यभर राख आणि वाळूनं भांडी घासलेल्या बोटावर रेघा उरतात कुठं! पुसून, पाण्यानं ओला करून, दुसरं बोट लावून, सगळं झालं. मागं रांग खोळंबलेली. तेवढ्या वेळात आत्यानं भिंतीवरचा भावफलक वरपासून खालपर्यंत वाचून काढला आणि मोठ्यांदा म्हणाली, "माणशी पाच किलो लिवलंय हितं. आमी घरात चौघं. मागल्या टायमाला सतराच दिलंस की रं!"

रांगेतल्या दोन-तीन बायका पुढं सरकल्या. "आत्याबाई, आमचं बी कार्ड बगा वाईच."

आत्यानं चष्मा पुसला आणि कार्डं ओळीनं घ्यायला सुरुवात केली.